ओटीत आलेलं लुगडं

या वयात लपवून काय करू? मला शेजारणीचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. तिच्या घरात तुपाची फोडणी पडली की इकडं माझ्या छातीत चर्र व्हायचं.

आष्टीला तहसील कचेरीच्या मागं आमची दोन घरं होती, मध्ये कंबरेएवढी मातीची भिंत. राज्य निजामाचं, कचेरीतले कागद उर्दूत, आणि नगरच्या बाजूला थोडं पलीकडं गेलं की इंग्रजी मुलूख. एका घरात आम्ही, दुसऱ्यात पेशकार. पेशकार म्हणजे तहसीलदारसाहेबांपुढं कागद ठेवणारा माणूस. कुणाची मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, आज वर जाणार आणि कुणाची खाली दबून राहणार, हे त्याच्या हातात. आमचे हे गिरदावर. तट्टावर बसून गावोगाव फिरायचं, पटवाऱ्याचं दप्तर तपासायचं, शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं असतील तिथं साखळी टाकून मोजायचं. पगार दोघांचा उन्नीस-बीस. पण तिच्या घरचा थाट बघितला तर कुणाला खरं वाटलं नसतं.

सणासुदीला तिच्याकडं डाली यायची. ज्याचं कचेरीत काम अडलंय त्यानं साहेबाच्या घरी भरलेली टोपली पाठवायची, तिला डाली म्हणायचे. सीताफळं, हुरडा, वाळकं, पानानं झाकलेलं लोणी, कधी खव्याचा गोळा. भिंतीवरून मला सगळं दिसायचं. बघायचं नाही म्हणलं तरी मान वळायचीच. टोपलीवाला आधी आमच्या दाराशी थांबायचा, कारण आमचं दार अलीकडं. मी लगबगीनं उठायचे. तो म्हणायचा, "पेशकारसायबाचं घर ह्येच का माय?" मी म्हणायचे, "पुढचं." आणि आत येऊन भांडी आपटायचे.

आमच्याकडं काही यायचं नाही, कारण हे येऊ द्यायचे नाहीत. कचेरीच्या भिंतीवर सरकारी हुकूम डकवलेला होता, की दौऱ्यावरच्या अहलकारानं, म्हणजे सरकारी नोकरानं, रयतेकडून फुकट काही घेऊ नये. पेशकार तो हुकूम आल्यागेल्याला गोड आवाजात वाचून दाखवायचे आणि घरी येऊन सीताफळं खायचे. आमचे हे कुणाला वाचून दाखवत नसत, पण पाळायचे, आणि तेही अती. दौऱ्याची भाकरी आणि ठेचा घरून. तट्टाचा कडबासुद्धा घरून! मागं पेंढी बांधून निघाले की पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

एकदा मी म्हणलं, "अहो, एका पेंढीनं काय निजाम सरकार बुडणार आहे?"

"सरकार नाही बुडत," हे म्हणाले. "पण ज्याची पेंढी खाल्ली त्याचा धुरा मोजताना साखळी सैल पडते."

मी मनात शेजारणीच्या नव्या जोडव्यांचा विचार करत राहिले.

त्या साली हिवाळ्यात कडा गावाकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. विधवा होती. माझ्यापेक्षा वयानं मोठी, अनवाणी, पदरात तुरीच्या शेंगा. तिचं रान देशमुखाच्या रानाला लागून होतं. देशमुखानं धुऱ्याचा दगड सरकवला आणि तिची विहीर आपल्या रानात घेतली, ही तिची तक्रार. "हीर गेली तर मागं काय ऱ्हातंय सायेब? नुसता माळ," ती म्हणाली, आणि पदर सोडून शेंगा ओसरीवर ओतल्या. यांनी हात जोडले. "बाई, विहिरीचं बघतो. शेंगा घेऊन जा." तिचं तोंड एवढंसं झालं. ती शेंगा परत भरताना दोन खाली पडल्या, त्याही यांनी उचलून तिच्या पदरात टाकल्या. मी दाराआडून बघत होते. मिठात उकडलेल्या शेंगा मला लई आवडतात. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचं वाईट वाटलं नाही, शेंगांचं वाटलं.

पंधरा दिवसांनी हे तिकडं जाऊन साखळी टाकून आले. जेवताना कचेरीचा विषय कधी काढायचे नाहीत, त्या दिवशी काढला. "दगड सरकवलाय. जुन्या जागेचा खड्डा वरून बुजवलाय, पण काठी घातली की भसकन आत जाते. विहीर त्या बाईचीच." तहसीलदारसाहेबांचा यांच्या मोजणीवर फार विश्वास. चैत्रात यांची कैफियत, म्हणजे मोजणीचा अहवाल, त्यांच्यापुढं जायची होती, आणि ती गेली की बाईची विहीर बाईला मिळणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

चैत्रात शेजारणीनं गौर मांडली आणि आम्हा बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. आरास अशी, की जिन्यासारख्या पायऱ्या, वर खेळणी, फळं, करंज्या. कैरीच्या डाळीला खमंग वास. मी मनात म्हणत होते, ही कैरी कुठल्या मिसलीतली असेल कोण जाणे. तेवढ्यात दारात बैलांची दमणी थांबली आणि देशमुखाची बायको उतरली. अंगभर सोनं. तिनं आम्हा सगळ्यांच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले आणि शेजारणीच्या ओटीत हिरवंगार इरकली लुगडं. तांबडे रेशमी काठ. सगळ्या बायका "अगं बाई!" म्हणाल्या. मी म्हणले नाही. डोकं दुखतंय असं सांगून मी घरी निघून आले. डोकं कसलं, पोट दुखत होतं!

थोड्या वेळानं देशमुखीण माझ्याच दारात. तिच्या मागं गडीबाई, हातात ताट.

"वैनी, तशाच आलात व्हय? तुमची ओटी ऱ्हायलीच की."

ताटात दुसरं लुगडं. तेच हिरवं, तेच काठ. तिच्या मालकाचा कागद कुणाच्या दप्तरात आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तिनं विहिरीचं नावसुद्धा काढलं नाही. मी जरा घुटमळले, तर म्हणाली, "ओटीला न्हाई म्हनू नये माय. सवाष्णीच्या हातची हाय."

खरंच आहे ते. टोपली परत पाठवता येते, ओटी परतवत नाहीत. तसं केलं तर समोरच्या बाईच्या कुंकवाचा अपमान. यांनी बाहेरचं दार इतकी वर्षं राखलं, पण बायकांच्या पदराचा विचार त्यांच्या नेमात कुठंच नव्हता. तो मी करायचा होता. मी पदर पसरला. आणि ती गेल्यावर पहिलं काय केलं, तर काठ बोटांनी मोजून बघितले, की माझे शेजारणीच्या लुगड्यापेक्षा रुंद आहेत का.

लुगडं पेटीत ठेवून मला चैन पडणार होतं होय? मला ते शेजारणीला दाखवायचं होतं. यांना दौऱ्यावर जाऊ दिलं आणि मंगळवारी ते नेसून देवीला निघाले. शेजारीण अंगणात आली नाही तोवर मी उगीच तुळशीपाशी रेंगाळले. ती आली, तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली. "तुमच्याकडंपण आलं का? बरं झालं बाई. मला तुमचं लई वाईट वाटायचं."

म्हणजे ही बया इतके दिवस माझी कीव करत होती! तळपायाची आग मस्तकात गेली. देवीपुढं मी काय मागितलं ते मला अजून आठवतं, पण ते सांगण्यासारखं नाही.

हे दौऱ्यावरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भलत्याच वेळी घरी आले. पेशकारांनी भर कचेरीत, दहा माणसांत हसत हसत म्हणलं होतं, "गिरदावरसाहेब, मुबारक हो! वहिनींना हिरवा रंग फार शोभतो म्हणे."

"लुगडं कुणाचं?" यांनी विचारलं. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती.

"ओटीत आलं."

"कुणाच्या हातून?"

सांगितलं. हे ओसरीवर खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला तोंड मिळालं असतं. शेवटी मीच सुरू केलं. "मग बिघडलं काय? तुम्ही लिहायचं तेच लिहा. विहीर बाईची तर बाईची म्हणा. लुगडं मी घेतलंय, तुम्ही थोडंच घेतलंय?"

"आता बाईची म्हणलं तर देशमुख साहेबांपुढं लुगडं काढेल. म्हणेल, हा माणूस घेणारा आहे, त्या बाईकडून जास्त घेतलं असेल. मग माझी कैफियत कोण खरी धरील? आणि लपवून ठेवलं तर तो मला आयुष्यभर ह्या लुगड्यानं बांधून ठेवील."

"परत करून येते मग."

"ओटी परत करतात?"

"आणि ती?" मी भिंतीकडं हात केला. आता आवाज चढला माझा. "ती राजरोस घेते, वर्षानुवर्षं घेते, तिचं कुणी काय वाकडं केलं?"

हे म्हणाले, "तिथं कुणी न्याय मागायला जात नाही. ती बाई आपल्याकडं आली होती."

त्याच दिवशी यांनी अर्ज लिहिला, की माझ्या घरात एका पक्षाकडून वस्त्र आलं आहे, ही मिसल माझ्याकडून काढून घ्यावी. तहसीलदारसाहेब वयस्कर, मायाळू माणूस. ते म्हणाले, "मियाँ, फाडून टाका हा कागद. मी बघितलाच नाही." यांनी फाडला नाही. यांच्या नावापुढं कायमचा शेरा पडला, आणि मोजणी दुसऱ्या गिरदावराकडं गेली. तो देशमुखाच्याच वाड्यावर उतरला, त्याच्या तट्टानं देशमुखाचाच कडबा खाल्ला, आणि धुरा नव्या दगडापाशी कायम झाला. विहीर गेली.

आठवड्यानं ती बाई आली. सकाळची वेळ, हे अंगणात तट्टाला पेंढी बांधत होते. ती लांबच उभी राहिली. या वेळी पदर रिकामा.

"सायेब, तुमी माज्या बाजूनं लिवलं हुतं म्हनत्यात. मंग मदीच कावून सोडलंत?"

"माझी चूक झाली, बाई."

"गावात समदे म्हनत्यात, तुज्या शेंगा थोड्या पडल्या. म्या म्हनलं, सायबांनी घेतल्याच न्हाईत. तर मला हसत्यात. म्हनत्यात, यडे, घेतल्या न्हाईत म्हंजी जास्ती पायजे हुतं." "खरं हाय का ओ? माझी शेळी हुती. शेळी आनून बांदली असती की इथं."

हे पेंढीची दोरी सोडत होते आणि परत बांधत होते. माझं नाव तोंडातून काढणार नाहीत हे मला कळलं. इतके दिवस ज्या माणसाच्या नेमाला मी नावं ठेवली, तो माझ्यासाठी एका अनवाणी बाईपुढं मान खाली घालून उभा होता. मला ते बघवेना. मी बाहेर आले.

"यांनी काही घेतलं नाही, बाई. मी घेतलं. देशमुखिणीकडून, ओटीत."

भिंतीपलीकडं शेजारीण काहीतरी कांडत होती, ते थांबलं. आणि देवाशपथ सांगते, त्याही वेळी माझे कान तिकडंच होते.

आता ही बाई शिव्या घालणार, तळतळाट देणार, म्हणून मी अंग चोरून उभी. ती म्हणाली, "ओटी भरली व्हय तिनं?" मग स्वतःशीच मान हलवली. "मंग इलाजच न्हाई. मला कुठं कुनाची ओटी भरता येती? मालक असता तर मीबी भरली असती."

रागानं बोलली नाही. हिशेब समजला, अशा सुरात बोलली. मग म्हणाली, "तांब्याभर पानी द्या माय. लांब जायाचं हाय."

मी पाणी दिलं. ती ओंजळीनं प्याली, उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि गेली. ती वळणाआड होईपर्यंत हे दोरी हातात धरून उभे होते. म्हणाले, "पहिल्यांदा आली तेव्हा रिकाम्या हातानं परत जाऊनसुद्धा तिला वाटलं होतं, काम होईल. आता ती कुठल्याच दारात रिकाम्या हातानं जायची नाही."

पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही. लुगडं मी पुन्हा नेसले नाही. आता हे गेले, आणि मलाही कुणाची ओटी भरता येत नाही. लुगडं पेटीत आहे, घडीवर विरलंय, रंग मात्र तसाच.

त्या दिवसापासून शेजारणीचा हेवा सुटला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. सुटला नाही, उलट वाढला. तिनं किती टोपल्या घेतल्या, किती ओट्या घेतल्या, आणि तिच्या दारात येऊन कधी कुणी तांब्याभर पाणी मागितलं नाही.