अकरा चाळीसची पोच

ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. कसबा पेठेतल्या लोकांचा पाण्यासाठी मोर्चा होता आणि मी ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मोर्चाचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, स्वतः ठाण्यात आले. गर्दी तापली आहे, जादा बंदोबस्त द्या, असा अर्ज त्यांनी दिला आणि सवयीप्रमाणे पोच मागितली. मी त्यांच्या प्रतीवर सही करून वेळ घातली, अकरा चाळीस. अर्ज पेपरवेटखाली सरकवला आणि समोरचा चहा संपवत बसलो. भाऊ अजून ठाण्याच्या दारातच होते, तेवढ्यात तिकडे मोर्चातून दगड आला आणि महापालिकेच्या कारकुनाचं डोकं फुटलं.

अर्ज दाबून ठेवल्याचं उघड झालं असतं, तर माझी नोकरी गेली असती. मी नेहमीचे पंच बोलावले आणि ठाण्यातच पंचनामा लिहिला. भाऊ मोर्चाच्या पुढे उभे राहून चिथावणी देत होते, असं त्यात घातलं. चौकशीत मी त्यांना विचारलं, "दगड पडला तेव्हा कुठे होतात?"

"हे तुम्ही मला विचारताय?" एवढंच ते म्हणाले. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने हडपसरच्या एका टेम्पोचालकाचं नाव दिलं. त्याने दगड मारल्याचं कबूल केलं, वर म्हणाला, "भाऊ तिथं नव्हतेच साहेब. तुमालाच आणाया गेलते." मी त्याला आरोपी केलं, पण भाऊंचं नाव काढलं नाही. त्या वर्षी त्यांचं विधानसभेचं तिकीट कापलं गेलं. खटला रखडला. पुढे पंच फिरले आणि भाऊ पुराव्याअभावी सुटले.

नंतर ते निवडून आले, विरोधी पक्षनेते झाले. असा अर्ज आलाच नाही, असं मंत्री म्हणाले की भाऊ सभागृहात फाइल उघडून त्या त्या अर्जाची पोच दाखवत. प्रत्येक वेळी मला अकरा चाळीसची माझी सही आठवायची.

निवृत्तीनंतर धीर करून त्यांच्या नारायण पेठेतल्या घरी गेलो. "या. पोलीस न बोलावता आले, हे पहिल्यांदाच पाहतोय," म्हणत त्यांनी चहा सांगितला आणि कपाटातून ती अकरा चाळीसची पोच काढली. कोर्टात का दाखवली नाहीत, असं मी विचारलं.

"दाखवली असती तर तुम्ही बडतर्फ झाला असतात. त्यानंतर माझा एकही अर्ज तुम्ही टेबलावर पडू दिला नाहीत. पेठेला असा पोलीस हवा होता." मग कप पुढे करून म्हणाले, "चहा घ्या. आज अर्ज नाहीये."

यंदा भाऊ गेले. वर्तमानपत्रांनी पुन्हा 'पुराव्याअभावी सुटका' असं छापलं. पुरावा होता. तो त्यांच्या कपाटात होता आणि त्याच्यावर सही माझी होती.

मागच्या आठवड्यात मी सगळं दोन पानांत लिहून त्याच ठाण्यात गेलो. टेबलावरच्या पोलीस ताईंनी विचारलं, "आजोबा, तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याच."

त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. त्याचं पुढे काय होईल, ठाऊक नाही. मी आयुष्यभर माणसांकडून खरं वदवून घेतलं. स्वतःचं खरं सांगायला मला भाऊंच्या जाण्याची वाट पाहावी लागली.

माझ्या तक्रारीची ती पोच मी भाऊंच्या पत्नीच्या, वहिनींच्या हातात दिली. त्यांनी भाऊंची फाइल उघडली आणि जुन्या पोचेमागे ती लावून ठेवली.