घंटी वाजली नव्हती

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बंद पडलेल्या त्या स्टेशनाबद्दल कोणी विचारलं, की मी छोट्या गाडीच्या गमती सांगतो आणि विषय बदलतो.

उमरेडच्या बाजूच्या एका खेड्यात मी स्टेशनमास्तर होतो. हाताखाली रुळांचे सांधे बदलणारा एकच पॉइंट्समन. गाडी आली की ड्रायव्हरकडचा लोखंडी गोळा, म्हणजे त्याचा त्या टप्प्यापुरता परवाना, घेऊन खोलीतल्या यंत्रात टाकायचा. पुढच्या स्टेशनाने परवानगी दिली की घंटी वाजे. मग नवा गोळा काढून, वेताच्या कडीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. यंत्राला हात फक्त मास्तरने लावायचा.

एका दुपारी लुगड्यांचे गठ्ठे घेऊन नागपूरला निघालेल्या विणकरांशी मी गप्पा मारत होतो. बोलता बोलता आलेला गोळाच परत कडीत घातला.

पॉइंट्समन म्हणाला, "मास्तर, घंटी नाही वाजली गा."

"आता तू मले शिकवून राहिला का?"

विणकर हसले. तो मान खाली घालून कडी घेऊन गेला.

चुकीच्या गोळ्यावर गाडी पुढच्या स्टेशनात शिरली. समोरून येणारी गाडी अजून तिथून सुटली नव्हती, म्हणून टक्कर टळली आणि कोणाला काही झालं नाही. पण चौकशी लागली. पॉइंट्समनला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचा जबाब मीच लिहिला. गोळ्यांची अदलाबदल त्याने केली, असा.

अंगठा उठवताना त्याने विचारलं, "काय लिहिलं, मास्तर?"

"जे झालं ते."

त्याला दूर कुठेतरी खडी फोडायच्या कामावर पाठवलं. फलाटाच्या कडेचे दगड तो दर दिवाळीला चुन्याने रंगवायचा. पुढे कोणी रंगवले नाहीत. आता रूळही उखडलेत. खोलीत यंत्राच्या जागी भिंतीला फक्त चार भोकं आहेत.

गेल्या हिवाळ्यात एसटीने त्याच्या गावी गेलो. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता.

"मास्तर! इकडं काहून वाट चुकले?" मग आत हाक दिली, "सूनबाई, चहा मांड वं. आमचे मास्तर आले. लय चांगला माणूस."

चहा झाला. बराच वेळ तो शेंगाच सोलत राहिला. मग म्हणाला, "मीच चुकलो असन गा. घंटी वाजली असन, मलेच ऐकू नसन आली."

मी कप खाली ठेवला. "तब्येतीले जप," म्हणालो आणि बसच्या वेळेआधीच उठलो.

उन्हाळ्यात तो गेला. त्या अंगणात मला एवढंच म्हणायचं होतं: घंटी वाजली नव्हती. तू बरोबर ऐकलं होतंस. मले माफ कर गा.