रिकाम्या रकान्यातला दादा

घरात तिला धाकटी म्हणत आणि गल्लीत डॉक्टरीणबाई. बाबांनो, मी पीएचडीची डॉक्टर, गोळ्यांची नव्हे, असं तिने कितीदा सांगितलं, तरी कुणाचं पोट बिघडलं की दार तिचंच वाजे. पीएचडी होऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, बरोबर एसीखाली, अंगात स्वेटर घालून कॅन्सरच्या पेशंटांची माहिती कॉम्प्युटरवर चाळत बसे. प्रत्यक्ष पेशंट तिने जन्मात एकच पाहिला होता, तो म्हणजे तिचा दादा. तो गेला म्हणूनच ती या कामाच्या मागे हात धुऊन लागली होती.

हॉस्पिटलकडून आलेल्या तक्त्यात नऊशे सहा ओळी होत्या. एक ओळ म्हणजे एक माणूस. नाव नाही, नुसता क्रमांक; पुढे वय, गाठ कुठली, जनुकांत काय बिघाड, रोग कधी कळला आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख. चार वर्षं डोळे फोडून तिने त्यातून एक गोष्ट शोधली होती. चौसष्ट जणांच्या गाठीत एकच ठरावीक बिघाड होता, आणि ही माणसं बाकीच्यांच्या दुपटीने जगत होती. शुक्रवारी या शोधावरचा पेपर जर्नलला पाठवायचा होता. तिची नेमणूक दोन महिन्यांत संपत होती आणि मुदतवाढ या पेपरवरच अडली होती.

बुधवारी सकाळी शेवटची नजर टाकावी म्हणून तिने तक्ता आयुष्याच्या क्रमाने लावला. सगळ्यात जास्त जगलेला सगळ्यात वर. पहिल्याच ओळीवर ती थबकली. पुरुष, चौतीस वर्षं, आणि रोग कळल्याची ती तारीख. ती तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी तिची एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षा सोडून ती हॉस्पिटलच्या बाकावर वहिनीचा हात धरून बसली होती.

तक्त्यानुसार हा माणूस दहा वर्षं जगला होता आणि आजही जिवंत होता.

दादा तर चौदाव्या महिन्यात गेला. हॉस्पिटलने हात टेकले, घरी न्या म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावलेल्या खाटेवर तो गेला. ते सांगायला हॉस्पिटलात परत कोण जाणार? कुणीच जात नाही.

तिने स्वतःचा जुना प्रोग्रॅम उघडला. पहिल्याच महिन्यात, घाईघाईत लिहिलेली ओळ जशीच्या तशी होती: मृत्यूची तारीख रिकामी असेल तर आजची तारीख धर. धरायला हवी होती पेशंटच्या हॉस्पिटलातल्या शेवटच्या भेटीची तारीख. चार वर्षं ती जेव्हा जेव्हा प्रोग्रॅम चालवी, तेव्हा तेव्हा दादाचं वय वाढत होतं. त्याच्यासारखे चौसष्टांत एक्कावन्न निघाले. या बिघाडावर औषध चालतच नव्हतं, म्हणून ही माणसं लवकर घरी धाडली जात. ज्यांना सर्वांत आधी घरी पाठवलं, तीच तिच्या आलेखात सर्वांत जास्त जगत होती.

तिचं काम बघणाऱ्या सरांनी दोनदा ऐकून घेतलं. "रिकामा म्हणजे जिवंत? असं कुणी धरतं का?"

"मी धरलं, सर."

ते चिडले, मग खुर्चीत मागे टेकले. "माझ्याही नजरेतून सुटलं. हॉस्पिटलच्या नोंदणीवाल्या बाईंकडे नावं आणि नंबर आहेत. त्यांना फोन करायला सांग. पण तुझ्या नेमणुकीचं काही खरं नाही, हे लक्षात ठेव."

त्याच दुपारी तिने एक्कावन्न क्रमांकांची यादी बाईंना पाठवली; दादाचा क्रमांकही त्यात तसाच ठेवला.

आठवड्याने ती घरी आली, तर आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. चेहरा जरा उजळलेला.

"दुपारी हॉस्पिटलातून फोन आला होता गं. दादाची चौकशी करत होते."

"मग?" धाकटीने विचारलं.

"बाई फार गोड बोलत होती. म्हणाली, कसे आहेत ते? इतक्या वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं मला. मी म्हटलं, बरा आहे." आईने घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "एकदा म्हणून बघितलं. कुणाचं काय बिघडलं त्यात? जे बरे आहेत त्यांना आता दरवर्षी फोन करणार आहेत म्हणे."

धाकटीला रडू आलं. तिने नळ सोडला आणि तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी यादी आली. एक्कावन्नांपैकी बेचाळीस मृत, नऊ जिवंत. दादाच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: जिवंत, आईने सांगितले. खाली 'जिवंत' सांगणाऱ्या आणखी तीन आया होत्या, दोन बायका, एक बहीण, एक मुलगा, एक वडील. त्यांतलं खरं कुणाचं आणि एकदा म्हणून बघितलेलं कुणाचं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्या आठांना तिने हात लावला नाही.

तिने नोंदणीवाल्या बाईंना फोन लावला. दादाचा क्रमांक सांगितला, तो गेल्याची तारीख सांगितली.

"अहो, पण त्यांच्या आई तर म्हणाल्या..."

"ती माझी आई आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "बरं. मग वर्षाच्या फोनच्या यादीतून नाव काढू ना?"

आलेखातली ती उंच रेघ केव्हाच खाली आली होती, इतरांच्याही खाली. पेपर हातचा गेला होता, नेमणूकही गेल्यात जमा होती. त्याचं तिला या क्षणी काही वाटत नव्हतं.

"काढा," ती म्हणाली.