चौकशीची खुर्ची

दत्तू गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला. मी ऐकलं, चपला घातल्या आणि माजिवड्याला निघालो. आता महिना झाला, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण दत्तूबद्दल सांगायला तेवढी पुरते.

पोरवयात आम्ही दोघे एकाच मिठागरावर राबलो. पुढे मी मानपाड्याला शेती केली आणि तो ठाण्यात सरकारी कचेरीत शिपाई झाला, चौकशीच्या टेबलावर. निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा त्याचे गुडघे गेले आणि नेमकं तेव्हाच वरून परिपत्रक आलं... चौकशीच्या टेबलाला कर्मचाऱ्यासाठी आसन ठेवू नये, आसनाने आळस येतो. येणाऱ्या नागरिकाला मात्र खुर्ची द्यावी. त्याच दिवशी दत्तूचं स्टूल उचललं. मी म्हटलं, तक्रार कर. तो म्हणाला, गुडघे दाखवले तर अनफिट लिहून घरी पाठवतील. त्याला नोकरी पुरी करून, स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नागरिक म्हणून मला खुर्ची मिळाली. ती टेबलामागे नेली आणि म्हटलं, "बस रे."

"अरे, साहेब बघतील."

"बघू दे. खुर्ची माझी आहे."

साहेब आलेच. विचारलं, तुमचं काम काय? म्हटलं, चौकशी. कसली? म्हटलं, ती अजून ठरायची आहे. त्यांनी परिपत्रक मागवून दोनदा वाचलं. नागरिकाने आपल्या खुर्चीत कोणाला बसवावं, हे त्यात नव्हतं.

"काका, निदान तुम्ही तरी बसा," ते म्हणाले.

"मी उभाच बरा. मी उभं राहू नये, असं परिपत्रक कोणी काढलेलं नाही."

वर्षभर जात राहिलो. कचेरीतले चिडवायचे, काकांची चौकशी कुठवर आली? दत्तू कुरकुरायचा, तुझ्यामुळे मान खाली जाते म्हणायचा. पण मला उशीर झाला की दाराकडे बघत असायचा.

निरोपाच्या दिवशी हार, भाषणं झाली आणि त्याच्यासाठी मंचावर गादीची खुर्ची मांडलेली. तो बसला नाही. मला वर बोलावून, खांदे दाबून तिच्यात बसवलं. साहेब म्हणाले, "दत्तूभाऊ, आज तरी बसा."

"आधी नागरिक, साहेब."

मग कचेरीचा जिना तो चालत उतरला. हात तेवढा माझ्या डाव्या खांद्यावर होता. पुढे आम्ही कुठेही निघालो की तो हात तिथेच यायचा... अजून रस्त्याने जाताना मी डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून चालतो. मागून येणारे हॉर्न मारतात. मारू देत.