लकडगंजातली फुटलेली काच

लकडगंजच्या लाकूडबाजारातल्या एका टालवाल्याने, म्हणजे लाकडाच्या वखारवाल्याने, मला फसवलं. ओलं सागवान सुकलेलं म्हणून माझ्या गळ्यात मारलं. मी त्या लाकडाचे दरवाजे केले, मनीषनगरातल्या एका गिऱ्हाइकाच्या नव्या घराला बसवले, आणि ऊन तापायला लागताच एकेक दरवाजा असा वाकला की कडी लागेना. गिऱ्हाइकाने चार लोकांत मला चोर म्हटलं. दुसऱ्याच्या कारखान्यात पॉलिशचे डबे उचलत मी हा धंदा शिकलो, स्वतःचं फर्निचरचं दुकान उभं केलं, पण तोवर चोर कोणी म्हटलं नव्हतं. तो शब्द डोक्यात घेऊन मी कितीतरी दिवस फिरत होतो. जेवताना तोच, गाडी चालवताना तोच. देवीपुढे हात जोडले तरी मनात टालवाल्याला काय काय सुनवायचं याचीच तयारी चाललेली. कोराडीच्या देवीआईवर माझा विश्वास होता, नाही असं नाही. पण तो माझ्या स्वभावाचा होता. तू माझं काम कर, मी तुझं करतो. तिच्याशीही मी घासाघीसच करत आलो होतो.

मे महिन्यातली दुपार होती. बायको शाळेत शिकवते, ती पेपर तपासायला गेलेली. आमच्या चार वर्षांच्या मुलीला, मनूला, मी तिच्या आजीकडे, माझ्या आईच्या घरी, सोडणार होतो. वाटेत लकडगंज लागत नाही. मी मुद्दाम गाडी तिकडे वळवली. म्हटलं, आज त्या माणसाचा हिशोब करूनच येतो. टालीपाशी पोचलो तेव्हा पोर मागच्या सीटवर झोपली होती, तोंड उघडं, एक सँडल पायातून निसटलेली. तिला उठवलं असतं तर ती रडली असती. आणि खरं सांगायचं तर पोरीसमोर मला तोंड सोडून बोलता आलं नसतं.

आता माझी एक सवय सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सौद्याला जाताना मी गाडी कधी बंद करत नाही. इंजिन चालू ठेवायचं, एसी चालू ठेवायचा, दुसऱ्या किल्लीने बाहेरून दार लॉक करायचं आणि आत जाऊन उभ्यानेच बोलायचं. समोरच्याच्या कानावर गाडीचा आवाज पडत राहतो, त्याला वाटतं हा माणूस आता निघाला, मग निघाला, आणि तो नरम पडतो. या युक्तीवर मी खूप सौदे जिंकले आहेत. त्या दिवशी मी स्वतःला समजावलं की एसी तर चालूच आहे, पोर थंडाव्यात झोपेल, मी दोन शब्द सुनावून येतो. गाडी टालीच्या भिंतीलगत एका कडुलिंबाखाली लावली. सावली होती, तीही विरळ.

आत लाकूड चिरायचं आरा मशीन चालू होतं. ज्यांनी ते ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. दात शिवशिवतात, शेजारच्याचं बोलणं ओरडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ज्या आवाजाच्या जोरावर मी सौदा करायला गेलो, तो टालवाल्यापर्यंत पोचतच नव्हता. आणि माझ्यापर्यंतही नाही. ही साधी गोष्ट माझ्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षात आली नाही.

टालवाला गादीवर निवांत बसला होता. "या भाऊ या," तो ओरडून म्हणाला, "एवढ्या उन्हात काहून तापून राहिले? पाणी प्या."

"पाणी तुमच्या लाकडात हाय!" मी म्हटलं. "ओला माल मले सुका म्हणून विकला तुमी."

"मी विकला? तुमीच ठोकून ठोकून निवडला ना गा! मी म्हणलं होतं ठोकू नका, हात दुखन."

त्याचा हमाल हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मग मी किती वेळ भांडलो ते मला सांगता येत नाही. दोन शब्दांचं काम होतं, पण मला आता त्याच्या तोंडून चूक कबूल करून हवी होती. लाकूड बदलून मिळालं असतं तरी पुरलं नसतं. मनू गाडीत आहे हे माझ्या डोक्यातून गेलं. विसरलो, असं लिहायला हात धजत नाही, पण दुसरा शब्द नाही. पोर माझ्या डोक्यात नव्हती. तिथे फक्त मी होतो आणि माझा अपमान.

तेवढ्यात लाइट गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती जातेच, त्यात नवल काही नाही. आरा घरघरत थांबला आणि अशी शांतता पसरली की मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तो मला घाण वाटला. त्या शांततेत बाहेर काच फुटली.

मी बाहेर धावलो. कशासाठी धावलो ते लिहायला मला फार जड जातंय. मी काचेसाठी धावलो. माझी गाडी, माझी काच. एक बाई गाडीजवळ उभी होती, हातात टालीतला लाकडी ठोकळा. आमच्याकडे उन्हात बाया निघतात तशीच निघालेली; तोंडाला, डोक्याला गच्च स्कार्फ, हातात पांढरे मोजे, वर गॉगल. स्कूटी बाजूला आडवी पडलेली. मी ओरडलो, "काच कोण भरून देईन, तुझा बाप?"

ती माझ्यावर दुप्पट ओरडली. "काचीचं काय घेऊन बसले? हे लेकरू कोनाचं हाय थे सांगा!"

आणि तिने फुटलेल्या खिडकीतून हात घालून दार उघडलं. गाडी बंद होती. उभ्या उभ्या तापून इंजिन कधीच बंद पडलं होतं, त्याबरोबर एसीही. आतून जी वाफ आली ती भट्टीची होती. मनू सीटवरून घसरून खाली दाराशी पडली होती. अंग लालभडक, कोरडं, घामाचा थेंब नाही. हाक मारली तर डोळा उघडेना.

ती बाई तिला उचलून टालीच्या छपराखाली घेऊन गेली. स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं, फ्रॉक सैल केला, टालवाल्याच्या माठावरचं ओलं पोतं ओढून तिच्या अंगावर टाकलं. हमाल पुठ्ठ्याने वारा घालत होता. मी नुसता उभा होतो. ती बाई मला सांगत नव्हती, टालवाल्याला सांगत होती, "मी सावलीत स्कार्फ बांधाले थांबली होती जी. काचीत पाहून बांधत होती, तर काचीले आतून इवलासा हात लागलेला दिसला, मंग थो खाली घसरला." तेवढंच. टालवाल्याने आपली गाडी काढली आणि ज्याला मी आत्ताच शिव्या घातल्या होत्या त्याने आम्हाला दवाखान्यात नेलं.

त्या गाडीत मी मनूला मांडीवर घेऊन देवीशी बोलायला लागलो, आणि बोलणं म्हणजे माझं नेहमीचंच. आई, ओटी भरीन. आई, कोराडीपर्यंत पायी येईन. चांदीचा पाळणा वाहीन. मी चढवत गेलो, समोरून काहीच येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा असं कोणी समोर होतं जे भावच सांगत नव्हतं. माझ्याकडचं सगळं बोलून संपलं. मनात एवढंच आलं, ही तुझी आहे, मी सांभाळू शकलो नाही, आता तू बघ. हे मोठ्या भक्तीने म्हटलं नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून म्हटलं. पुढच्या वळणावर मनूने मान हलवली आणि ती चिडून, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी." याला काय म्हणायचं ते मी तुमच्यावर सोडतो. माझ्यापुरतं, त्या शब्दानंतर मी देवीशी परत घासाघीस केलेली नाही.

मनू वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. त्या बाईला मी नंतर खूप शोधलं. पण तिचा चेहराच मी पाहिलेला नाही. सिग्नलला उभं राहिलं की स्कार्फ बांधलेल्या पन्नास बाया भोवती असतात, आणि प्रत्येकीपुढे मान झुकवावीशी वाटते. लाकडाचं भांडण मी सोडलेलं नाही. फसवणूक ती फसवणूकच. पण आता पोर झोपलेली असो, रडो, मला उशीर होवो, तिला खांद्यावर घेऊनच मी गाडीतून उतरतो. सावलीच्या, एसीच्या, दोनच मिनिटांच्या भरवशावर तुम्हीही लेकराला गाडीत ठेवू नका. तो भरवसा कसा फसतो ते मी पाहिलं आहे.

एवढ्यावर संपवलं असतं, पण मला चैन नाही. त्या दिवशी बायको धापा टाकत दवाखान्यात आली तेव्हा नर्सने तिलाच विचारलं, "तुम्ही कुठे होत्या?" घरी आल्यावर, भेटायला आलेली माझी आई तिला म्हणाली, "काहून वं, लेकराले सोडून पेपर तपासाले जाते का कोनी?" शेजारच्या बाया येऊन तिलाच समजावून गेल्या. ती मनूच्या कपाळावर ओलं फडकं बदलत राहिली. आणि मला? माझ्या पाठीवर लोक हात ठेवतात. तुमची भक्ती फळाला आली म्हणतात. मंगळवारच्या भजनात हा अनुभव सांगा म्हणतात. देवीने तिचं काम चोख केलं, तिचे उपकार फिटणार नाहीत. पण तिच्या कृपेआड लपायला मला जागा देऊ नका. माझ्या बायकोला विचारलेला प्रश्न तिच्याकडून परत घ्या, सगळ्यांसमोर, आणि मला विचारा: बाप कुठे होता? मी उत्तर देईपर्यंत मला भजनातून उठू देऊ नका.