आधी त्याचे पाय बघा

देवपुरात आमच्या कॉलनीत मला सगळे आक्का म्हणतात आणि माझं ऐकत कोणी नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. मी काही बोलले की लोक हो हो म्हणतात आणि आपलं चाललेलं काम चालूच ठेवतात. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र या हो-होपायी एक कासव मरता मरता राहिलं.

आमच्या शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. घराची भरभराट व्हावी म्हणून त्यांच्या सुनेने कुठूनसं ते कासव आणलं होतं. गच्चीवर प्लॅस्टिकचा टब, टबात पाणी आणि मध्ये एक वीट. कासव सगळा दिवस त्या विटेवर अंग चोरून बसायचं. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई, तेव्हा बघत असे. पाण्यात उतरलेलं मी त्याला एकदाही पाहिलं नाही. पाठीवर टेंगळं आणि दर टेंगळावर पिवळ्या रेघांची चांदणी. मी सुनेला दोनदा सांगितलं, बाई, याला कोरडं ठेव. ती म्हणाली, आक्का, कासव आहे ते.

मग तिला कोणी तरी सांगितलं की ही जात संपत चालली आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागेल. तिने जेवण सोडलं. गुरुजींनी तोडगा काढला. रविवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीत सोडायचं, म्हणजे गुन्हाही जाईल आणि पुण्यही लागेल. त्यांनी हार आणला, नारळ आणला आणि जीवदानाची एक पाटी रंगवून घेतली. पांझरा त्या आठवड्यात दोन्ही काठ धरून वाहत होती.

मला हे रविवारी सकाळी कळलं, फाटकाशी रिक्षा उभी राहिल्यावर. पंधरा-वीस माणसं जमली होती. कासव पितळी परातीत, पाठीवर हळदकुंकू, पाय आत ओढून घेतलेले.

मी गुरुजींना म्हटलं, हे बुडेल.

ते हसले. "आक्का, कासव उभयचर असतं. मी पस्तीस वर्षं हेच शिकवलं."

"शिकवलं असेल. विहिरीत सोडलंय का कधी?"

लोकांना ती गंमत वाटली. गंमत नव्हती. मी सोडलं होतं.

माझं सासर चाळीसगावकडचं. लग्नाच्या वर्षीच मळ्यात नवी विहीर लागली. विहिरीत कासव असलं की पाणी आटत नाही, असं तिकडे सगळे मानत. सासऱ्यांनी सुरतेकडून फिरत आलेल्या एका माणसाकडून असंच चांदण्यांचं कासव घेतलं. नवी सून म्हणून ते माझ्या हाताने सोडायला लावलं. ते दगडासारखं गेलं आणि मग वर आलं. बांधकामाच्या एका खाचेला नखं रोवून लटकलं. ते दगड खरवडायचं तो आवाज मोटेपाशी ऐकू येई. मी म्हटलं, त्याला वर काढा. सासू म्हणाली, खेळतंय ते. तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगलं. विहीर उपसावी लागली आणि बोल माझ्या पायगुणाला लागला. पाण्यातल्या कासवाचे पंजे वल्ह्यासारखे, बोटांत पडदा. याचे हत्तीच्या पायासारखे खुंट. खुंटाने पोहता येत नाही, हे मी परीक्षा देऊन शिकलेले नाही.

हे सगळं फाटकाशी सांगायला वेळ कुठे होता. मी एवढंच म्हटलं, आधी त्याचे पाय बघा. कोणी बघेना. फोटो कुठून घ्यायचा यावर चर्चा चालली होती. एक जण म्हणाला, आक्का, बाजूला व्हा, सावली पडते.

तेव्हा माझी सहनशक्ती संपली. मी परातीतून कासव उचललं, भाजीच्या पिशवीत घातलं आणि रिक्षात जाऊन बसले. राग आला की मला आमची बोलीच येते. म्हटलं, "हाई पाणीनं नही शे, जमीननं शे. बठ्ठा घर जा." म्हणजे सगळे घरी जा.

गुरुजी म्हणाले, कुठे चाललात? मी म्हटलं, वनखात्यात. ते नाव ऐकताच अर्धी माणसं नाश्त्याला गेली. सून मात्र धावत येऊन माझ्या शेजारी बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली. मी तिला धीर वगैरे दिला नाही. पिशवी सरळ धर म्हटलं.

तिथे सुट्टीच्या दिवशी एकच तरुण माणूस होता, पण कामाचा निघाला. त्याने कासव उलटं केलं नाही, उचललं नाही, वाकून पाय बघितले. इतक्या माणसांत पहिला. म्हणाला, चांदणी कासव, जमिनीवरचं, नदीत टाकलं असतं तर गेलंच असतं. मला बरं वाटलं आणि मी म्हटलं, मग माझ्या भावाच्या शेतात बांधावर सोडते, गवत पुष्कळ आहे. तर तो माझ्यावरच चिडला. हे इकडचं नाही, आधी तपासणी होईल, मग जिथलं असेल तिकडे जाईल, दिसेल तिथे सोडायचं नसतं. म्हणजे माझंही अर्धं चुकलंच होतं. एवढं तरी कोणी आधी सांगायला हवं होतं.

सुनेचा जबाब घेतला, दम दिला. मग मला विचारलं, आजी, तुम्ही कसं ओळखलं?

"असंच एक मारलंय म्हणून."

त्याने पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी तो रस्त्यात भेटला. कासव खातंय, म्हणाला. कॉलनीच्या ग्रुपवर गुरुजींनी परातीतला फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं की आपल्या कॉलनीने दुर्मिळ उभयचर वाचवला. माझी सावली त्यात कोपऱ्यात आहे.

सुनेने टब घासून ठेवला होता. आता त्यात मासे आणलेत.