दिनूने परत आणलेली पोरगी

रेश्माचा फोन आला तेव्हा मी मोरीत बसून ओले बोंबील साफ करत होते. हात भरलेले, म्हणून शेजारच्या रजनीने फोन उचलून माझ्या कानाला लावला. रेश्मा म्हणजे माझा भाऊ दिनकर, त्याच्या जोडीने सिरीयलचे संवाद लिहिणारी बाई. पन्नाशीची, शहाणी. ती म्हणाली, "आक्का, सर गेले." मी विचारलं, "जवळ कोण होतं?" ती म्हणाली, "मी होते." मी म्हटलं, "बरं." उरलेले बोंबील साफ केले, मीठ लावून ठेवले, हात धुतले आणि हॉस्पिटलात चालत गेले. भोईवाड्यातून परळची हॉस्पिटलं चालायच्या अंतरावर आहेत, तेवढी आम्हाला सोय. रजनी नंतर चाळभर सांगत सुटली की भाऊ मेला तरी हिने मासे टाकले नाहीत. नाही टाकले. धावत गेले असते म्हणून तो उठून बसणार नव्हता.

पेपरात त्याच्यावर बरंच छापून आलं. घराघरात पोचलेला लेखक, माणसांची नस ओळखणारा लेखक, असं काहीबाही. त्याच्या फोटोत तो हसतोय, प्रत्यक्षात तो फारसा हसायचा नाही. पुरवणीच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला आठवतं तसं लिहा. मी चौथीपर्यंत शिकले. आई गेली तेव्हा दिनूचं अंगावरचं दूध नुकतं तुटलं होतं, त्याला बघायला घरात कोणीतरी पाहिजे म्हणून माझी शाळा सुटली. त्यामुळे तो माझा भाऊही होता आणि थोडा मुलगाही. पण तो मोठा लेखक होता की नाही ते मला ठरवता येणार नाही. तो काम कसं करायचा ते मला ठाऊक आहे.

लहानपणी चाळीमागच्या मैदानात जयंतीला, गणपतीला पडदा लावून सिनेमा दाखवायचे. समोर मोठी माणसं बसायची, पोरं पडद्यामागे. पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, डावखुरे हिरो, उलट्या पाट्या. दिनू तसा उलटा सिनेमा बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीहून येऊन आडवे झाले की त्यांचे पाय चेपत सगळी गोष्ट सांगायचा. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्या खडखडाटाने कान बधिर झालेले, तर तो ओरडून सांगायचा. सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. बाबांना गोष्टीत कोणी मेलेलं चालायचं नाही. "मेला? कशाला मारलास? मी काय रडायला आलोय घरी?" असं म्हणून ते कूस बदलायचे. मग दिनू घाईघाईने सांगायचा, "नाही बाबा, मेला नव्हता, बेशुद्ध होता." मी तांदूळ निवडत ऐकायचे. सिनेमा मीही पाहिलेला असायचा, माणूस चांगला मेलेला असायचा. पण बाबा झोपायचे ते शांत झोपायचे.

पुढे मिल बंद पडली, बाबा गेले, दिनू कुठे कुठे फिरून शेवटी सिरीयली लिहायला लागला. दादरला भाड्याची एक खोली घेतली, लग्न केलं नाही. पण सकाळी भोईवाड्यात यायचाच. आम्ही बायका गॅलरीत बसून भाजी, लसूण, कोलंबी जे असेल ते करत बसायचो. तो उंबऱ्यावर बसून आदल्या दिवशीचं लिहिलेलं वाचायचा आणि कागदावर बघायच्या ऐवजी आमच्या हातांकडे बघायचा. हात थांबले तर सीन ठेवायचा. कोणी उठून कुकर बघायला गेली की तिथल्या तिथे काट मारायचा. रडलो, हसलो, वा म्हटलं, त्याला काही किंमत नाही. म्हणायचा, "तोंड खोटं बोलतं आक्का, सुरीला खोटं बोलता येत नाही." त्याच्या टीव्हीच्या ऑफिसात मोठमोठे शिकलेले लोक होते, पण सीन पास व्हायचे ते आमच्या कोलंबीवर.

रजनी त्याला विचारायची, "काय रे दिन्या, ती दुष्ट सासू मरणार कधी?"

"तिला दुसरी सिरीयल मिळाली की मरेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आमच्या धंद्यात मरण म्हणजे रजेचा अर्ज."

मी एकदा विचारलं, तुझ्या सिरीयलीत कोणी मोरी का घासत नाही? झोपतात तेसुद्धा नथ घालून. तो म्हणाला, "दिवसभर घासून बसलेल्या बाईला साडेसातला परत घासताना दाखवलं तर ती चॅनल बदलेल. तिला गोष्ट नको असते गं. जेवण होईपर्यंत घरात कोणीतरी बोलत असलं पाहिजे, एवढंच." त्याला त्याची लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. त्याने लिहिलेल्या प्रत्येक घरात देवघर होतं, समई होती, आरती होती. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आणि मेणबत्ती. आरत्या त्याला शेजारच्या मंडपात प्रसादासाठी बसून पाठ झालेल्या. त्या तो बिनचूक लिहायचा. आपल्यातलं एखादं घर दाखव की, असं कोणी म्हटलं तर कागद आवरायला लागायचा. विचारून पाहिलं असणार त्याने. काय उत्तर मिळालं ते त्याने कधी सांगितलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते. माझी मुलगी सुजाता विसाव्या वर्षी काविळीने गेली. माझा नवरा तिच्या आधीच गेलेला, त्यामुळे हॉस्पिटलात मी एकटीच होते. शेवटच्या दिवशी तिला जरा बरं वाटलं, म्हणाली, आई चहा आण. मी खाली जाऊन चहा आणला. वर आले तर गेली होती. मी तशीच उभी राहिले… मग तो चहा मी प्याले. गरम होता आणि हातात होता. हे मी आयुष्यात फक्त दिनूला सांगितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या सिरीयलीत मीरा नावाच्या मुलीचं काम करणारीला सिनेमात काम मिळालं, म्हणजे मीराला मारणं आलं. तो सकाळी आला, कागद न काढता बसून राहिला. रजनी वगैरे उठून गेल्यावर म्हणाला, "आक्का, मला सुजाचं मरण दे. दुसरं कुठलं लिहिलं तर खोटं होतंय."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी ती पूर्ण निवडली, मग म्हटलं, "लिही. पण एक सांगते. मेली की मेली. परत उठवायची नाही."

"नाही उठवणार."

"बेशुद्ध होती असं सांगायचं नाही."

"शप्पथ," तो म्हणाला.

त्याने चांगलं लिहिलं. चॅनलवाल्यांना पेला पडून फुटायला हवा होता आणि मागे गाणं. त्याने भांडून दोन्ही काढायला लावलं. पडद्यावरची आई चहा घेऊन वर येते, उभी राहते, मग खुर्चीवर बसून तो पिते. एवढंच. त्या संध्याकाळी रजनीच्या खोलीत आम्ही सगळ्या बघत होतो. रजनी डोळे पुसत म्हणाली, "कसली बाई आहे ही! पोर मेलं नि चहा ढोसते!" दुसरी म्हणाली, "सावत्र असेल." मला मात्र बरं वाटलं. एवढी वर्षं जे माझ्या एकटीकडे होतं ते असं सगळ्यांसमोर ठेवलं होतं, आणि कोणाला कळलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात मीराचं काम करणाऱ्या त्या पोरीचा सिनेमा बंद पडला आणि सिरीयल बघणारेही कमी झाले. मग चॅनलने ठरवलं. एका संध्याकाळी पडद्यावरचं दार उघडलं आणि मीरा दारात उभी. हॉस्पिटलात म्हणे दुसऱ्याच कोणाचं प्रेत बदलून दिलं होतं. रजनीच्या खोलीत बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आली गं बाई, आली!" मी उठून माझ्या खोलीत आले.

सकाळी दिनू आला. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "मग तो चहा मी कोणाचा प्याले?"

"आक्का, चॅनलने…"

"चॅनलला मी काही दिलं नव्हतं. तुला दिलं होतं."

तो म्हणाला, "मी नाही म्हटलं असतं तर मीरा दुसऱ्या कोणाला लिहायला दिली असती. मग ती कशीही बोलली असती. माझ्याकडे राहिली तर सुजासारखी बोलेल."

"ती सुजा नाही," मी म्हटलं आणि दार लावलं. त्यानंतर वर्षभरापेक्षा जास्त तो आला नाही. बायका मलाच विचारायच्या, दिनकर दिसत नाही? मी सांगायचे, मोठा झाला तो.

मीराचं काम करणारी पोरगी गोरीपान, सुजाता माझ्यासारखी काळी. चेहऱ्यात काही म्हणजे काही साम्य नाही. पण ती बोलायला लागली की… सुजाता कधी "आई, जेवलीस का?" असं नुसतं विचारायची नाही. विचारायची, "जेवलीस? खरं सांग." कारण मी खोटं सांगते हे तिला ठाऊक होतं. मीरा तसं विचारायला लागली. सुजाता वाईट बातमी सांगायच्या आधी घरात काहीतरी झाडायला घ्यायची. मीरानेही एवढ्या मोठ्या हॉलात झाडू घेतला, नोकरचाकर असताना. रजनीच्या खोलीत जाणं मी सोडलं होतं. साडेसातला दाराला आतून कडी लावायचे आणि माझ्या छोट्या टीव्हीवर बघायचे. रोज. दिनूवरचा राग होता तेवढाच होता. त्याने शब्द मोडला होता आणि मी त्याने मोडलेल्या शब्दाचंच बोलणं रोज ऐकत होते. यातलं काय बरोबर, मला विचारू नका.

तो आजारी असल्याचं रेश्माने कळवलं. फुफ्फुसं गेली होती, विड्या-सिगारेटी. मी पेज घेऊन हॉस्पिटलात गेले. नाकात नळी, अंगाची काडी झालेली. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, "पडून राहा. मेलेल्यांना उठवतोस, आता स्वतःला जमतंय का बघ."

"चॅनलला विचारावं लागेल," तो म्हणाला आणि हसला, मग खूप वेळ खोकत राहिला. रेश्मा बाहेर निघून गेली.

मी पेज भरवली. चार चमचे गेली. मग त्याने विचारलं, "बघतेस?"

"बघते."

"मला वाटलं सोडलं असशील." थोडा दम घेऊन म्हणाला, "आता मीराचं आईशी भांडण आहे. मोठं. सुजा भांडायची कशी ते मला येत नाही. मामासमोर ती भांडायची नाही ना."

मला त्या क्षणी उठून जाता आलं असतं. मी डबा बाजूला ठेवला आणि सांगितलं. ती रुसून गप्प बसायची नाही. माझ्याकडे पाठ करायची आणि बोलत राहायची. भांडण चालू असताना मधेच विचारायची, गॅस बंद केलास का. हरायला आली की माझ्या वेणीवरून बोलायची. तो डोळे मिटून ऐकत होता, रेश्माला आत बोलवून लिहून घे म्हणाला. त्या दुपारी मी सांगितलं तेवढं सुजाताबद्दल कधी कोणाला सांगितलं नव्हतं. निघताना त्याने माझा हात धरला, मी सोडवून घेतला, भांडी घासायची होती. त्याला मी माफ केलं असं कोणी लिहू नये. केलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

त्याला भोईवाड्याच्या स्मशानात नेला. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि मागे सिरीयलच्या कंपनीचा एक माणूस रेश्माला हळूच विचारत होता, "मॅडम, सरांच्या लॅपटॉपचा पासवर्ड कोणाकडे आहे?" रेश्मा लाजून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दे त्याला. त्याचं काम अडलंय." मग तिने सांगितलं की भांडणाचे आणि त्याच्या पुढचेही बरेच एपिसोड दिनूने शेवटी शेवटी बोलून लिहून घेतलेत, ते आता येतील.

आले. पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं जेवून गेली आणि त्याच संध्याकाळी मीरा आईकडे पाठ करून भांडत उभी होती. मधेच म्हणाली, गॅस बंद केलास का. मी कडी लावून ऐकत होते. रोज साडेसातला अर्धा तास माझ्या घरात दोघं असायची, एक बोलणारी आणि एक बोलायला लावणारा. चितेत जळताना पाहिला होता मी त्याला, तरी तो गेला असं मला वाटत नव्हतं. लोक समजत होते म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. तसं काही नव्हतं. त्याचं काम अजून चालू होतं.

परवा सिरीयलीतली आई आजारी पडली. मीरा तिच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुझ्याशिवाय माझ्या आयुष्याला काही अर्थ नाही." मी वाट बघितली. गोळी घेतलीस का, खरं सांग, असं काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. ती मनातलं सगळं एकेक करून नीट समजावून सांगत राहिली.

मी रेश्माला फोन लावला. "दिनूचं संपलं का?"

"हो आक्का. आजपासून दुसऱ्यांनी लिहिलेले एपिसोड आहेत. चांगले आहेत."

"असतील," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

एपिसोड संपायला अजून वेळ होता. मी बसून शेवटपर्यंत पाहिलं. पोरगी दिसायला छान होती, रडतही छान होती. कोणाची होती, काही कळलं नाही.